बसम्माची वाटी

१

आदिनाथभाऊंनी होडी घ्यायचं ठरवलंय, हे त्यांच्या आईच्या आधी मला कळलं. गल्लीत कुणाकडं काय येणार हे मला आधीच कळतं. लोक त्याला चौकशी म्हणतात, मी काळजी म्हणते.

आमची अन् त्यांची भिंत एक, जिना एक, गच्चीही एकच. लातूरला औसा रोडच्या आतल्या अंगाला पहिल्या मजल्यावर ही दोन घरं आहेत. इकडं मी रईसा अन् माझे मालक महेबूब. त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. पोरी दोघी दिल्या घरी गेल्या. तिकडं केवळामाय, पंच्याहत्तरी ओलांडलेली, अन् तिचा लेक आदिनाथ. तो औशाला तहसिलीत कारकून. लग्न केलं नाही. सुट्टी लागली की पाठीवर पिशवी अन् एसटी. कुठं किल्ला बघ, कुठं तळं बघ.

बावीस वर्षं झाली, रोज दुपारी चार वाजता मी पदराखाली वाटी घेऊन केवळामायकडं जाते. कधी मटकीची उसळ, कधी शेवया. दार वाजवत नाही, कडी काढते अन् आत. दुसऱ्या दिवशी माझी वाटी मला परत मिळते, ती भरूनच. निदान गुळाचा खडा तरी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे आमच्यात अन् त्यांच्यात सारखंच.

वाट्या बदलू नयेत म्हणून त्यावर नाव असतं. गंजगोलाईच्या बाजारात भांडं घेतलं की दुकानदार तिथंच टोच्यानं ठिपके मारून नाव घालून देतो. आमच्या भांड्यांवर सगळीकडं 'महेबूब शेख'. एकदा मी म्हणलं, "अजी, घासते मी अन् नाव तुमचं?"

तर म्हणाले, "भांडी हरवतेत, म्हणून नाव घालायचं. तू कुठं हरवायलीस?"

मी हसले होते तेव्हा.

२

लाकडाची होडी एसटीत कोण चढवू देईल? म्हणून आदिनाथभाऊंना हवेची पाहिजे होती. फुगवायची, वल्हवायची, हवा सोडायची, घडी करून पाठीवर. तिला कयाक म्हणतात. माझे मालक तिला ट्यूब म्हणायचे, केवळामाय पिशवी म्हणायची.

भाऊ फोनवर चित्रं घेऊन आमच्या दाराशी येऊन बसले. हवेचं काही घ्यायचं तर पंक्चरवाल्याला विचारून घ्यावं, इतकी अक्कल त्यांना आहे.

पहिली दाखवली तर मालक म्हणाले, "ही लेकरांना पाण्यात बसवायची. बाभळीचा एक काटा लागला की खलास."

दुसरीचा तळ पाटासारखा कडक होतो म्हणे. पण वजन एकोणीस किलो. "पाठीवर घेऊन स्टँडापर्यंत चाललाव तर पाण्यात शिरायच्या आधीच तुमी गार."

तिसरी बघितली अन् ते सरसावून बसले. "ही बगा. आत तीन ट्यूबा, दोन बाजूला अन् एक बुडाला. वरून जाड कापड. म्हंजे टायरच की! एक ट्यूब बसली तरी दोन राहतेत. हिला मी रस्त्यावर बसून बी जोडतो. हीच घ्या."

चौदा किलो भरत होती. एकशे ऐंशी किलो माणूस पेलायची. दोन मोठ्या बैठका अन् मधी एक छोटी.

"पण मी एकटाच असतो," भाऊ म्हणाले. "एकट्याची घ्यावी म्हणतो. हलकी पडते."

"दोघांचीच घ्या," मी म्हणलं. "कुणाला तरी बसवावं लागतंच."

"कुणाला भाभी?"

"अजून काय वय गेलंय तुमचं?"

आतून केवळामायचा आवाज आला, "कुणाला कशाला? मी बसते की!"

रंगावरनंही झालंच. भाऊंना हिरवा पाहिजे होता, झाडाझुडपात मिसळणारा. मी म्हणलं, लाल घ्या, बुडालाव तर दिसाल तरी. लाल आली.

संक्रांत झाल्यावर पहिल्या रविवारी गच्चीवर फुगवली. पायानं दाबायचा पंप, त्याला हवा मोजायचं काट्याचं घड्याळ. मालकांनी सगळ्या झडपांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघितले. एकही नाही. केवळामाय जिना धरत धरत वर आली, लुगडं सावरून त्या लाल होडीत मांडी घालून बसली अन् कडांवरून हात फिरवला. रबराचा कर्र असा आवाज झाला.

"आदिनाथ," ती म्हणली, "मला हिच्यात घालून बाभळकुंट्याला ने."

३

बाभळकुंटा म्हणजे त्यांचं गाव. औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला, तेरणेच्या धरणात गेलेलं. आदिनाथभाऊ तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. गाव सोडलं त्या दिवसानंतर केवळामाय तिकडं फिरकली नव्हती.

"पाणीच हाय तिथं, माय," मी म्हणलं. "बघणार काय?"

"बघायचं न्हाई. वाटी द्यायचीय."

मग तिनं फडताळातनं एक स्टीलची वाटी काढली. कड जाड, जुन्या वळणाची. त्यावर ठिपक्यांनी लिहिलेलं: 'बसम्मा मडिवाळप्पा'. बसम्मा म्हणजे तिची त्या गावातली शेजारीण. गाव उठलं त्या सकाळी बसम्मानं तिला वाटीभर हुग्गी आणून दिली होती. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गूळ घालून केलेली. वाटेत खायला म्हणून.

"अन् ती कुठं गेली मग?" मी विचारलं. मी विचारणारच.

"आमची गाडी म्होरं. ती मागच्या गाडीत येणार हुती."

"मग?"

"मग काय? मागची गाडी आली, ती न्हाई. वाटी माझ्याकडंच राहिली."

"बसम्मामावशी रोज चारला यायची," भाऊ म्हणाले. "कडी न वाजवता. तुमच्यासारखीच, भाभी."

मला ते जरा लागलं, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षांत केवळामायनं हे नाव माझ्यापुढं घेतलं नव्हतं.

शनिवारी तिनं स्वतः हुग्गी शिजवली. रविवारी पहाटे मी तिच्याकडं गेले तर ती पातळ नेसून बसलेली, डोळ्यांना नीट दिसत नाही तरी टिकली नेमकी मधोमध. एसटी सातची. भाऊ खालून हाका मारत होते. मी घाईघाईनं ओट्यावरच्या वाटीत हुग्गी ओतली, वर ताटली ठेवली, फडक्यात गच्च गाठ मारली अन् तिच्या मांडीवर दिली.

मला यायचं नव्हतं. पाण्याचं मला भ्याव. पण ती म्हणली, "रईसा आली तरच मी जाईन. बसम्माला दाखवायचीय."

काय दाखवायचंय, हे मी त्या वेळी विचारलं नाही. एरवी मी विचारते.

४

किल्लारीपर्यंत एसटी, पुढं जीप. काठावर भाऊंनी होडी फुगवली, आधी बुडाची ट्यूब, मग बाजूच्या. घड्याळाचा काटा बघून थांबले. आम्हाला फुगीर जाकिटं घातली. माझ्या पदरावर ते केशरी जाकीट बघून केवळामाय तोंडाला पदर लावून हसली.

"मी सहासष्ट, आई अडतीस," भाऊ मोजत होते. "भाभी, तुमचं?"

"तुमी आपलं सत्तर धरा."

"खरं सांगा. पाण्यात खोटं चालत न्हाई."

"बहात्तर."

"एकशे शहात्तर झाले. चार किलो उरले."

"चार किलोत वाटी बसती की," केवळामाय म्हणली.

बिस्मिल्ला म्हणून मी पाय टाकला. होडी गादीसारखी दबली अन् परत उचलली. भाऊ मागं वल्हं घेऊन, माय मधी, मी पुढं. पाच-दहा मिनिटांत माझं भ्याव गेलं. इतकं निवांत असतं पाण्यावर, मला ठावच नव्हतं. वल्ह्यावरनं थेंब पडतात तेवढाच आवाज. लांब कुठं तरी पाणकावळे बसलेले.

काठ बराच मागं गेला अन् केवळामाय बोलायला लागली.

"डावीकडं घे. आता नीट चल. ही गिरणी... ह्या चावडीला वळसा घाल."

चहूकडं नुसतं पाणी. मला हसू आलं. मी मागं वळून भाऊंकडं बघितलं, तर ते हसत नव्हते. ती म्हणेल तसं वळत होते.

"हळू. हितं बोळ अरुंद हाय. वल्हं आपटंल."

अन् त्या मोकळ्या पाण्यात, जिथं दोन्ही बाजूला अर्धा कोस काही नव्हतं, भाऊंनी वल्हं उभं करून अंगाशी धरलं. दोन हात आवळून बसले. होडी आपल्या वेगानं सरळ पुढं जात राहिली. वारं तोंडावर होतं, ते थांबलं. भिंतीच्या आड आल्यावर थांबतं तसं.

"थांब," केवळामाय म्हणली. "हीच चौकट."

होडी थांबली.

तिनं फडक्यासकट वाटी दोन्ही हातांनी पाण्याशी नेली. "बसम्मा, ऊटा आयता?" ती म्हणली. कानडीत, जेवलीस का म्हणून. "तुझी वाटी आणली, ग. लई उशीर झाला. अन् ही बग, ही माझी शेजारीण, रईसा. हिच्यामुळं माझं बरं चाललंय."

मग सोडली. वस्तू पाण्यात टाकली की कलंडते, डुचमळते, गोते खात जाते. वाटी तशी गेली नाही. सरळ खाली गेली, न हलता. उंबऱ्यातनं एकीनं दिली अन् दुसरीनं घेतली, तशी.

५

येताना भाऊंना धाप लागली. "जाताना वारा तोंडावर होता. आता पाठीवर हाय, तरी ओढंना," ते म्हणाले. केवळामाय मात्र लेकरासारखी खूश होती.

संध्याकाळी मालकांनी होडी गच्चीवर वाळत घातली. ओली घडी केली तर बुरशी धरते. पुसता पुसता ते थांबले. धरणात वर शेवाळाची साय असते, तिची रेघ कापडावर उठते. होडीच्या पोटाला अशा दोन रेघा होत्या. एक खाली, अन् दुसरी तिच्यावर चांगली चार बोटं.

"जाताना तिघं गेलाव," ते म्हणाले, "येताना चौघं आलाव का?"

चेष्टेनंच म्हणाले. टायरवरची झीज बघून गाडीत किती माल भरला होता ते सांगतात ते. मी म्हणलं, लाटा लागल्या असतील. लाटा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी होडी वाळली. रबर रबराला चिकटू नये म्हणून मालकांनी आत ट्यूबला लावायची पांढरी पावडर भुरभुरली अन् ऊन खाऊ द्यावी म्हणून तशीच फुगलेली ठेवली. भर दुपारी मी पापड उलथायला वर गेले. गच्चीवर कुणी नव्हतं. मधल्या छोट्या बैठकीपुढं पावडर पुसलेली. मांडी घालून बसल्यावर उमटते तशी खूण होती. दोन्ही गुडघे, मधी लुगड्याचा घोळ.

केवळामाय बसली असेल, मी म्हणलं. गच्चीच्या जिन्याला कुलूप मीच घातलं होतं, माझ्याच कमरेला किल्ली, तरी मी तेच म्हणलं. मग वाकून हात लावला. खूण ओली होती. बाकी होडी उन्हानं चटका देत होती.

खाली मालकांना सांगितलं. "मांजर बसलं असंल," ते म्हणाले.

"मांजर मांडी घालून बसतं का, अजी?"

त्यावर ते चहा प्यायले.

त्या दिवसापासून दुपारी खोलीत पडलं की वरनं आवाज यायचा. फुगलेल्या रबरावर माणूस बसलं की होतो तो, कर्र. मालक म्हणाले उन्हानं हवा फुगते. बरोबर आहे, फुगते. पण फुगलेली हवा उठून जिना उतरत नाही. जिन्यावर ओलं असायचं. पायरी सोडून पायरी. ती ओल आमच्या दारापर्यंत यायची अन् उंबऱ्याच्या अलीकडं थांबायची. कुणी तरी दाराशी उभं राहून नावाची पाटी वाचावी, तशी.

६

केवळामायनं माझ्या हातचं खाणं बंद केलं, ते बुधवारपासून.

चार वाजता मी शेवया घेऊन गेले, तर म्हणली, "जेवण झालं माय माझं."

"कधी? चूल तर गार हाय."

"झालं."

गुरुवारी तेच. शुक्रवारी ताटलीवरचं फडकंसुद्धा काढू दिलं नाही. बावीस वर्षांत माझी वाटी त्या घरातनं तशीच परत आली नव्हती. भाऊ घास घेऊन पाठीमागं लागायचे, ती तोंड मिटून घ्यायची. डॉक्टरनं तपासलं, वय झालंय म्हणाला, जिवाला जपा. तीन-चार दिवसांत मनगटं काडीसारखी झाली. पण तोंडावर तेज. जेवलेल्या माणसाच्या तोंडावर असतं ना, तसं.

अन् दुपारी भिंतीपलीकडनं तिचं बोलणं ऐकू यायचं. कानडीत, मधी मधी थांबून. मी भिंतीला कान लावला, लावणारच. दुसरा आवाज नव्हता. पण केवळामाय हसायची ती कुणाचं तरी ऐकून झाल्यावर हसावं, अशी.

शनिवारी मी सरळ आत शिरले. ती एकटीच, खाटेवर. शेजारी गाठोडं बांधलेलं. दोन लुगडी, चष्मा.

"कोण आलं होतं, माय?"

"कोण न्हाई. शेजारीण."

"शेजारीण तर मी हाय."

ती माझ्याकडं बघून मायेनं हसली. "तू बी हायसच की," ती म्हणली. "पण मला मागच्या गाडीनं जायचंय आता. ती न्यायला आलीय."

मी उठले अन् पाणी प्यायला म्हणून तिच्या ओट्याशी गेले. खरं तर डोळे पुसायला. ओट्यावर एक वाटी पालथी होती. उचलली.

जाड कड. ठिपके. बसम्मा मडिवाळप्पा.

त्या पहाटे ओट्यावर दोन वाट्या पालथ्या होत्या. एक ही, अन् एक माझी, आदल्या दिवशीची. घाईत, सवयीनं, मी माझ्याच वाटीत हुग्गी ओतली होती. फडक्याला गाठही मीच मारली. केवळामायला दिसत नव्हतं, मला दिसत होतं, तरी मी बघितलं नाही.

म्हणजे बसम्माची वाटी बसम्माला पोचलीच नव्हती. तिच्या दारात गेली होती महेबूब शेखची वाटी, भरलेली. अन् शेजारणीचं भांडं आलं की चांगली बाई काय करते? नाव वाचते, घर शोधते अन् परत करायला येते. माझ्या दारापर्यंत ती आलीच होती. तिथनं भिंतीपलीकडं तिला तिच्या केवळीचा आवाज ऐकू आला असणार.

मी तिच्या जागी असते तर मीही आत गेले असते.

७

आदिनाथभाऊंना मी सगळं सांगितलं नाही. वाटी चुकली एवढंच म्हणलं. ते कोपर चोळायला लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी बोळातनं जाताना माझ्या कोपराला भिंत लागली, भाभी. मी कुणाला सांगितलं न्हाई."

रविवारी मालक दुकान बंद ठेवून केवळामायच्या दारात खुर्ची टाकून बसले. "मी असताना कुणी आत जात न्हाई," ते म्हणाले. माझ्याकडं असं बघितलं की तसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मी शेवयांची खीर केली होती, खोबरं जास्त घालून. बसम्माच्या वाटीवरचं नाव दोनदा वाचलं, मग ओतली. फडकं बांधलंच नाही.

ह्या वेळी होडीत दोघंच. तरी काठावरनं निघतानाच पाणी तिघांच्या रेघेच्याही वर चढलं. भाऊंनी बघितलं, मी बघितलं. मधली छोटी बैठक रिकामी होती. मी पुढं तोंड करून बसले अन् सबंध वाटेत मान वळवली नाही. मी, जिला शेजारी कोण आलं ते बघितल्याशिवाय घास उतरत नाही. मागनं एकदाच आवाज आला, कर्र.

वाट सांगायला केवळामाय नव्हती, पण भाऊ चुकले नाहीत. गिरणी, चावडी. बोळात वल्हं अंगाशी धरलं. वारं थांबलं.

बरोबर बारा वाजले असतील. ऊन डोक्यावर, सरळ पाण्यात उतरलेलं. मी वाकले अन् वाटी धरली.

"बसम्माबाई," मी म्हणलं. "मी रईसा, महेबूब शेखची. ही तुमची खरी वाटी. चूक माझी झाली. माझी वाटी तुमच्याकडंच राहू द्या. पण म्हातारीला माझ्याकडं राहू द्या. तुम्हाला शेजार नाही, मला ठाव हाय. मला तरी तिच्याशिवाय कोण हाय चार वाजता?"

पाणी तसंच. मला काय झालं कुणास ठाऊक, पुढचं मी ठरवून बोलले नाही. तोंडातनं गेलं.

"शेजार पाहिजे तर मी येईन. माझी वेळ झाल्यावर. लेकीबाळींचं, ह्यांचं सगळं उरकलं की येईन. जबान देते. पण केवळामायला आत्ता नेऊ नका."

अन् वाटी सोडली. ती सरळ गेली. मी तिच्या मागं बघत राहिले, म्हणून दिसलं.

लई खोल नव्हतं ते. एक ओटा होता. ओट्यावर भांडी पालथी घातलेली, रांगेनं. इतक्या वर्षांच्या पाण्यात गाळाचा कण नाही, आत्ताच राखेनं घासल्यासारखी लख्ख. रांगेत शेवटचं एक भांडं कुणी तरी जरा कलतं करून ठेवत होतं. आपण ठेवतो तसं, आतलं पाणी निथळावं म्हणून. बोटंच दिसली. हिरवी बांगडी असावी. मग ढग आला का भाऊंनी वल्हं मारलं, कळलं नाही, पाणी मोडलं.

पाण्याच्या तळाशी, पाणी निथळायला.

काठावर आल्यावर भाऊंनी होडी बाहेर ओढली अन् खाली वाकून बघितलं. ओली रेघ पार खाली होती, दोघांचीच. "आता हलकी झाली," ते म्हणाले. त्यांनी एक-एक झडप उघडली. हवा सुस्कारा टाकल्यासारखी गेली.

८

घरी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. मालक खुर्चीवर तसेच. "कुणी आलं न्हाई," ते म्हणाले. "मी उठलो बी न्हाई. लघवीला सुद्धा."

आतून केवळामायचा आवाज आला. "कोण, रईसा? कुठं उंडारायलीस सकाळपासनं? भुकेनं जीव चाललाय माय माझा. आज काय आणलंस?"

मी दारातच रडायला लागले. गाठोडं सोडलेलं होतं, लुगडी दोरीवर. मी आमच्या घरातनं खिरीचं पातेलंच उचलून आणलं. तिनं दोन वाट्या खाल्ल्या, वर म्हणली, "खोबरं लई झालं." भाऊ भिंतीला टेकून नुसते बघत होते.

तिचं तोंड पुसताना ती म्हणली, "अग, तुझी वाटी देऊन गेली बसम्मा. त्या कोनाड्यात ठेवलीय. मी हात लावला न्हाई, तुझी हाय."

"कधी दिली?"

"सकाळीच की. तुमी जिना उतरलाव अन् लगेच. म्हणली, वाट बघायलेत, जाते."

मी मालकांकडं बघितलं. ते खुर्चीकडं बघत होते.

कोनाड्यात माझी वाटी होती. काठोकाठ हुग्गी. सकाळची म्हणावी तर वरनं वाफ निघत होती.

मी वाटी उजेडात नेली. 'महेबूब शेख', नेहमीसारखं. अन् त्याच्या खाली, जुन्या वळणाचे, टोच्यानं मारलेले ताजे ठिपके. मी सातवी शिकले, आपलं नाव वाचता येतं.

रईसा.

जबान मी बारा वाजता दिली होती. वाटी ह्या कोनाड्यात सकाळी सातपासून होती.

म्हातारीला वेळेचं भान राहत नाही, मी मनाला सांगितलं. दुपारी आली असेल. नाव गोलाईतल्या दुकानदारानं कधी तरी घातलं असेल, माझ्या लक्षात नसेल. हे सगळं मी सांगितलं मनाला. मग वाटी मालकांच्या हातात दिली. ट्यूबमधलं बारीक भोक शोधताना फिरवतात तसा त्यांनी त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. दोनदा. मग नळावर जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिले.

"खा की," केवळामाय म्हणली. "गार हुईल. तिच्या हाताला चव हाय."

मी तिच्या खाटेशी बसून खाल्ली. सगळी. गूळ बेताचा, विलायची, चुलीच्या धुराचा थोडा वास. इतकी चांगली हुग्गी मी जन्मात खाल्ली नव्हती.

होडी आता जिन्याखाली घडी करून आहे. भाऊ ती घेऊन हदगावकडं जायचं म्हणतात, दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यावर. जा म्हणलं. केवळामाय बरी आहे, परवा माझ्या खिरीला पुन्हा नावं ठेवली. चार वाजता मी जाते, कडी काढते, आत शिरते.

ती वाटी रोज मीच घासते. घासून ओट्यावर पालथी घालते, रांगेत शेवटी. अन् हात आपोआप परत जातो, अन् जरा कलती करून ठेवतो.